तिसऱ्या पावलाचा आवाज

गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात मधुमेह झालेली बाई कामाला आहे, यावर जेवढे म्हणून विनोद करता येतात तेवढे लोकांनी पंचवीस वर्षांत करून संपवले होते. एखादा नवा माणूस कामाला लागायचा आणि पहिल्याच दिवशी मोठा शोध लावल्यासारखा तोच विनोद करायचा, तेव्हा पॅकिंगमधल्या बायका त्याच्याकडे दयेने बघायच्या. जिच्यावर विनोद व्हायचा ती मान वर करायचीही नाही. तिचे हात चालू असायचे. कागदाचा चौकोन, मधे गोळी, दोन्ही टोकांना एकेक पीळ. यंत्रं आली तरी भेटीच्या डब्यातल्या गोळ्या हातानेच गुंडाळायच्या असत, आणि त्या कामात तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिला सगळे घड्याळमावशी म्हणत. एक तर तिचं सगळंच घड्याळावर चाले. सुई सातला, खाणं सव्वासातला, बोट टोचून साखर बघणं दिवसातून सहा वेळा. आणि दुसरं कारण तिची चाल. मावशी चालण्याच्या शर्यतीत भाग घ्यायची. या शर्यतीत पळायचं नसतं. एक ना एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढचा गुडघा ताठ हवा, आणि तरी पळणाऱ्याला लाज वाटेल इतकं भरभर जायचं. कंबर लंबकासारखी इकडून तिकडे हलते. मावशी थोरल्या बहिणीबरोबर राहायची. ही आक्का तोंडाची फटकळ. "डोक्यावर भरलेला हंडा आणि मागे लागलंय कुत्रं, अशी चालतेस तू," असं ती म्हणायची, आणि खोटं बोलत नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी आजार निघाला. डॉक्टरांनी रोजच्या इन्सुलिनच्या सुया लिहून दिल्या आणि रोज चाला असं सांगितलं. किती चाला हे सांगायला ते विसरले. मावशी चालत सुटली ती थेट स्पर्धेत जाऊन पोचली. चाळिशी ओलांडल्यावर मोठ्या गटातली तीन पदकं तिच्या नावावर होती, आणि ती तिन्ही आक्काने पिठाच्या डब्याशेजारी खिळ्याला अडकवून ठेवली होती.

आता त्या पावलाबद्दल सांगायला हवं.

मावशी तेव्हा चोवीस वर्षांची होती. जलाशयाच्या बांधावरच्या रस्त्याने सकाळची एकटीच चालत होती. स्वतःच्या पावलांचा ठेका कानात बसलेला असतो, टक् टक्, टक् टक्. त्या ठेक्यात मधेच आणखी एक आवाज आला. बुटाचा नव्हे. उघड्या, जरा ओल्या पावलाचा, दगडावर तळवा चिकटून सुटावा तसा. तिने वळून बघितलं, रस्ता रिकामा. चार पावलं गेली, पुन्हा तोच आवाज, आणि मग तिचे गुडघेच गेले. कसाबसा साखरेचा खडा तोंडात टाकला, मग तपासलं. साखर चव्वेचाळीसवर आली होती. माणूस बेशुद्ध पडायला तेवढी पुरते.

साखर उतरली की प्रत्येकाला आपापली खूण मिळते. कोणाला दरदरून घाम फुटतो, कोणाला जांभया येतात, कोणी उगाच चिडतं. मावशीला तिसरं पाऊल ऐकू यायचं. "मेंदूला साखर कमी पडली की तो काहीही ऐकवतो," डॉक्टर म्हणाले, आणि मावशीने मान डोलावली. एक गोष्ट मात्र तिने डॉक्टरांना सांगितली नाही. एकदा पावसाची सर येऊन गेल्यावर ते पाऊल वाजलं तेव्हा तिने बांधाच्या चिखलात मागे बघितलं होतं. तिच्या बुटांच्या ठशांशेजारी एक उघडं पाऊल उमटलं होतं. एकच, डावं. त्या दिवसापासून आवाज आला की ती साखर खायची आणि मागे बघायची नाही.

माणूस कशाचीही सवय करून घेतो. वीस वर्षांत ते पाऊल मावशीला घरातल्यासारखं झालं. दर रविवारी दवाखान्यात मधुमेह झालेली मुलं आणि त्यांचे आईबाप जमायचे, तिथे ती न लाजता सांगायची, "आपली खूण ओळखायची. ती शत्रू नाही, राखणदार आहे." आणि मग तिचा ठरलेला पाठ. बोट टोचायच्या आधी हात धुवायचे. बोटाला साखरेचा कण जरी लागलेला असला तरी यंत्र खोटं बोलतं, नसलेली साखर दाखवतं, आणि त्या खोट्यावर विसंबून सुई घेतली तर माणूस जातो. मुलांना हे पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

या मुलांतच एक पंधरा वर्षांची उंच, सडपातळ पोरगी होती. पायांवरून सगळे तिला बगळी म्हणायचे. आजार निघून वर्ष झालं होतं आणि शाळेत कोणाला पत्ता नव्हता. सुई ती बाथरूममध्ये दार लावून घ्यायची. एकदा ती मावशीला भेटायला कारखान्यात आली. तिथल्या कँटीनमध्ये मावशीला भर माणसांत पोटाला सुई टोचताना तिने पाहिलं आणि तिचा आ वासलेलाच राहिला.

"मावशी, लाज नाही वाटत तुम्हाला?"

"कसली लाज? भूक लागली की तू काय दार लावून जेवतेस?"

पुढच्या आठवड्यात बगळी बांधावर चालायला हजर. सहा महिन्यांत असं चालायला लागली की मावशीला मागे राहू नये म्हणून दम लागायचा. शाळेतही तिने आपणहून सांगून टाकलं. अडला तो बाप. तो ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होता, म्हणून लोक त्याला काटेवालाच म्हणत. काट्याने सांगितलं तेवढंच खरं मानणारा, कमी बोलणारा माणूस. घरात बाप-लेक दोघंच. मुलीला शर्यतीत उतरवायचं मावशीने त्याच्यापाशी काढलं.

"मला दुसरं कोणी नाही," तो म्हणाला. "काही झालं तर?"

"माझ्या जबाबदारीवर द्या," मावशी म्हणाली. किती सहज म्हणाली ती.

शर्यतीच्या दिवशी सकाळी जलाशयावर असं धुकं होतं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. बांधावरून दोन किलोमीटरची फेरी होती. लहान गटाला तीन फेऱ्या, मोठ्यांना पाच, सगळे एकदमच सुटणार. मावशी कोपऱ्यातल्या टेबलावर ग्लुकोजच्या पुड्या बांधत बसली होती. दवाखान्यातली पाच-सहा मुलं उतरली होती, प्रत्येकाला चार पुड्या. सराईत हाताने कागद, पावडर, दोन पीळ. बगळी हात धुऊन, पुसून आली. तिचा हात थंडीने आणि भीतीने गारठला होता, रक्ताचा थेंब निघेना. मावशीने तिचं बोट आपल्या चिमटीत धरलं, चांगलं दाबलं आणि थेंब यंत्राला लावला.

तीनशे बारा.

"साखर चढली की मला तहान लागते. आता तर लागलेली नाही," बगळी म्हणाली.

"शर्यतीच्या धास्तीनेही चढते. तीन युनिट घे, जास्त नको."

सुटायला दहा मिनिटं होती. पुन्हा तपासायला हवं होतं. मावशीने दुसऱ्या कोणाला असं करताना पाहिलं असतं तर रविवारी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली असती. पण वीस वर्षांच्या अनुभवाला वाटलं की आपण चुकत नाही. बगळीने सुई घेतली. शिट्टी झाली आणि सगळे धुक्यात शिरले.

दोन फेऱ्या मावशी मजेत चालली. कोणाच्या पुढे आहोत, कोणाच्या मागे, काही कळत नव्हतं. धुक्यातून पंच एकदम समोर उगवायचे आणि पुन्हा विरघळून जायचे. बांधाच्या कठड्याखाली पाणी असणार एवढंच माहीत, दिसत मात्र काहीच नव्हतं. तिसरी फेरी अर्धी झाली आणि ठेका मोडला.

टक् टक्. मग ते. उघडं, ओलं.

मावशीने चालता चालता पुडी दातांनी फोडून तोंडात रिकामी केली. पाच मिनिटांत आवाज थांबतो असा आजवरचा शिरस्ता होता. या खेपेला थांबला नाही. उलट पाऊल मागे मागे राहू लागलं, कोणी तिचा पदर धरून मागे खेचावं तसं. आणि त्याचा ठेका तिचा नव्हता. लांब टांगांचा होता.

खाण्यापिण्याच्या टेबलापाशी काटेवाला उभा होता. तिथल्या पाण्याच्या बादलीत मावशीने हात बुडवला, पुसला, बोट टोचलं. साखर एकशे बत्तीस. इतकी छान साखर तिला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. एका पुडीने इतकी चढत नाही, म्हणजे ते पाऊल तिच्यासाठी आलेलं नव्हतं.

तिची नजर बादलीत गेली. तिच्या बोटांवरची पावडर पाण्यात पांढऱ्या रेघा काढत खाली उतरत होती.

सकाळी हीच बोटं होती. बगळीने हात धुतले होते. तिचं बोट दाबणाऱ्या मावशीने धुतले नव्हते. वीस वर्षं ती सगळ्यांना स्वतःचे हात धुवायला शिकवत होती. दुसऱ्याचं बोट धरणारा हातही धुवावा लागतो, हे तिने कोणाला कधी सांगितलंच नव्हतं.

"पोरगी अजून आली नाही या फेरीची," काटेवाला धुक्याकडे बघत म्हणाला.

मावशी उलट्या दिशेने निघाली. पंच ओरडले, समोरून येणारे धडकले. ती पळत होती, दोन्ही पाय जमीन सोडून. पाऊल आता तिच्या पुढे वाजत होतं आणि ती त्याच्या मागे जात होती. एका जागी ते रस्त्यावरून बाजूला वळलं. कठड्याच्या दगडावर तळव्याचा आवाज झाला, मग खालच्या दगडावर, मग पाण्यात.

बगळी कठड्यापलीकडे उतारावर बसली होती. बूट काढून नीट शेजारी ठेवले होते. पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. चेहरा पांढराफटक, केस घामाने चिकटलेले, आणि ती हसून शेजारच्या रिकाम्या दगडाला सांगत होती, "हो, आलेच. एवढं संपलं की येते."

मावशीने तिला काखेत धरून वर ओढलं, तोंड उघडून पुडी गालात रिकामी केली, दुसरी केली, तिसरी केली. पोरीचे दात तिच्या बोटाला लागले तेव्हा तिला रडू फुटलं. चावली म्हणजे जिवंत होती. दहा मिनिटांनी बगळीच्या डोळ्यांत ओळख आली आणि तिने विचारलं, "माझे बूट कोणी काढले?"

तोवर काटेवाला पोचला होता. धुकं होतं, पोरीला काही आठवत नव्हतं, यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कोणी पाहिलेला नव्हता. मावशीने तोंड मिटलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे. माझ्या हाताला ग्लुकोज होतं. मी तिला नको ती सुई घ्यायला लावली."

त्याने मुलीला उचललं. मावशीकडे बघितलंही नाही. जाताना एवढंच म्हणाला, "आता आमच्या दारात येऊ नका."

रविवारी मावशीने तेच दवाखान्यात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. दोन आयांनी मुलांचे हात धरले आणि त्या उठून गेल्या. आक्का घरी म्हणाली, "जेव आता. उपाशी राहिलीस तर साखर उतरेल, आणि मग माझ्या डोक्याला ताप." ती एवढं मऊ कधी बोलत नसे.

मावशी चालत राहिली, एकटी. आणि ते पाऊल आलं नाही. एकदा कारखान्यात नेहमीच्या वेळेला तपासलं तर यंत्राने बावन्न दाखवले, आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फार वर्षांच्या आजारात असं होतं, शरीर खूण द्यायचं सोडून देतं. आता एकटीने चालायला जाऊ नका. मावशीने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेली. हट्टी बाई. पण एक सांगतो, ती शर्यतीसाठी नव्हती जात. त्या जागी रोज थांबायची, कठड्यावरून खालच्या दगडाकडे बघायची आणि कान देऊन उभी राहायची. ज्याची वीस वर्षं सोबत होती ते गेलं, की रागावलं, की आणखी कोणाच्या मागे लागलं, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

अडीच महिने गेले. एका लख्ख सकाळी, ऊन पडलेलं, पाणी चकचकीत, मावशी चालत होती आणि पुढच्या क्षणी ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती. मधलं काही आठवत नव्हतं. हातात पुडी होती. तिने स्वतः बांधलेली, दोन पीळ, आणि ती कशी उघडतात हे तिला आठवेना. तिला काही वाईट वाटत नव्हतं. खालचं पाणी फार छान दिसत होतं. चारी बाजूंना शांतता होती, आणि आपण बूट काढावेत असं तिला वाटत होतं. एक तिने काढलाही.

एक स्कूटर तिच्यासमोर करकचून थांबली. काटेवाल्याने पुडी तिच्या हातातून ओढली, फाडली आणि तिच्या तोंडात ओतली. मग पाण्याच्या बाटलीतून घोट पाजला. ती भानावर येईपर्यंत तो तिच्यासमोर उकिडवा बसून होता. घाईत त्याचा शर्ट उलटा घातला गेला होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"पोरीने." तो नजर चुकवत म्हणाला. "ताटावर बसली होती. एकदम म्हणाली, बाबा, मावशींच्या मागे कोणीतरी चालतंय, जा. मी ओरडलो तिच्यावर. ती रडायला लागली. म्हणाली, एक बूट काढला, आता जा."

मावशीने आपल्या पायाकडे बघितलं.

"मी माफ केलेलं नाही तुम्हाला," काटेवाला म्हणाला. "असलं काही मी मानतही नाही. बसा मागे, घरी सोडतो."

ती स्कूटरवर बसली. त्याने किल्ली फिरवली आणि चालू केलेलं इंजिन पुन्हा बंद केलं. मान एका बाजूला कलती करून तो तसाच राहिला.

"कोण चालतंय?" त्याने विचारलं.

मावशीने कान टवकारले. वारा होता, पाणी होतं. "मला काही ऐकू येत नाही."

"अनवाणी आहे कोणीतरी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "लांब टांगांनी चाललंय."

मावशीने त्याचा खांदा घट्ट धरला. "तिने सुई घेतली होती का?"

"घेतली होती."

"आणि जेवली?"

ताट तसंच राहिलं होतं हे त्याला आत्ता दिसलं. सुई आत गेलेली आणि पोटात घास नाही, पोरगी दारात मावशीची वाट बघत उभी. स्कूटर बांधावरून अशी सुटली की मावशीने डोळे मिटून घेतले. सगळ्या वाटेत तो एकच विचारत होता, "अजून येतंय, थांबत का नाही? थांबलं तर चांगलं की वाईट? मावशी, बोला ना!" वळणावर तो एकदम म्हणाला, "थांबलं," आणि स्कूटर आणखी पिटाळली. घर अजून दोन मिनिटांवर होतं. ती दोन मिनिटं मावशीच्या आयुष्यातली सर्वांत लांब होती.

बगळी पायरीवर बसली होती. गालात काहीतरी घोळवत. मांडीवर यंत्र, हात कोपरापर्यंत ओले.

"सत्तावन्न होती," ती म्हणाली. "हात धुऊन दोनदा बघितली. खाल्लंय मी, आता चढेल. मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

काटेवाला स्कूटर स्टँडवर लावायला विसरला. ती त्याच्यामागे आडवी पडली तरी त्याने वळून बघितलं नाही. तो मुलीशेजारी पायरीवर बसला, तिचा ओला हात हातात घेतला आणि हमसून हमसून रडला. शर्यतीच्या दिवशी तो रडला नव्हता, त्यानंतरही नाही. मावशी एका पायात बूट घालून अंगणात उभी राहिली, कारण या दारात यायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने उलट्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघितलं.

"आत या," तो म्हणाला. "पुढची शर्यत कधी आहे?"